बारालाचाच्या वाटेवर हातांची ऊब

पुण्याची माघांतली थंडी ही थंडीची केवळ तोंडओळख होय. तिचा खरा स्वभाव कळावयास तिच्या माहेरींच जावें लागतें, असें मी आतां अनुभवानें म्हणूं शकतों. गेल्या वर्षीं गणपति पोहोंचवून दुसऱ्याच दिवशीं मी आणि माझा पुतण्या असे दोघेजण मनालीहून लेहपर्यंतचा प्रवास मोटारसायकलवरून करण्यासाठीं निघालों. पितृपंधरवड्यांत कसले प्रवास करतां, असें आईनें एकदां म्हणून पाहिलें. परंतु बाबांच्या श्राद्धाची तिथि दादा सांभाळणार होते, आणि त्या रस्त्यावर दिवाळीच्या सुमारास जाणें म्हणजे बर्फाशीं पैज मारणें होय, हें सांगितल्यावर ती गप्प बसली. पटलें असें मात्र तिनें म्हटलें नाहीं.

घरांत खरी चर्चा झाली ती हातांविषयीं. मोटारसायकलवर बसलेल्या माणसाचे हात सर्वांत पुढें असतात. छाती कोटांत लपते, पाय इंजिनाच्या आडोशास राहतात. पण वाऱ्याची पहिली सलामी हातांनींच घ्यावयाची असते, आणि ती घेत असतांना स्वस्थही बसतां येत नाहीं, कारण गाडीचा सारा कारभार त्यांच्याच हवालीं असतो. मी पन्नाशी ओलांडली असल्यामुळें आमच्या नेहमींच्या मिस्त्रीकडून माझ्या गाडीच्या हॅन्डलास विजेवर तापणाऱ्या मुठी बसवून घेतल्या. रबराच्या दोन मुठी, एक लहानशी कळ, आणि त्या कळीनें ऊब कमीअधिक करण्याचे पांच टप्पे, एवढाच तो सरंजाम. पुतण्या चोवीस वर्षांचा. तो म्हणाला, “काका, तुम्ही तर शेगडी घेऊन निघालां! मागें चहाची किटली तेवढी बांधा, म्हणजे झालें.” दादा हसले, वहिनी हसल्या, मीही हसलों. त्याच्या गाडीसही तसल्याच मुठी बसवूं या, असें मीं एकदां सुचविलें. तो नको म्हणाला आणि मीं आग्रह धरला नाहीं. त्या आग्रह न धरण्यांत थोडा पैशांचा हिशेब होता, आणि तरण्याताठ्यास हे लाड कशाला, हीही भावना होती. वहिनींनीं मात्र कांहीं न बोलतां आठदहा रात्री बसून तांबड्या लोकरीचे जाडजूड हातमोजे विणले आणि ते त्याच्या पिशवींत घातले.

गाड्या रेल्वेच्या पार्सलानें चंदीगडास रवाना केल्या होत्या. टांकींतील पेट्रोल पार काढून टाकल्यावांचून रेल्वे त्या घेत नाहीं, त्यामुळें चंदीगडच्या स्थानकावर आमची पहिली मजल गाड्या ढकलण्याची झाली. तेथून मनालीपर्यंतच्या रस्त्याविषयीं लिहिण्याचें प्रयोजन नाहीं. तो रस्ता सर्वांच्या परिचयाचा आहे आणि तेथें आम्हांस घामच अधिक आला.

मनालीच्या पुढें पूर्वीं रोहतांगची खिंड चढावी लागत असे. ३ ऑक्टोबर २०२० रोजीं अटल बोगदा खुला झाल्यापासून तो घाट टळला आहे. नऊ किलोमीटरांहून किंचित् अधिक लांबीचा हा बोगदा म्हणजे दोन निराळ्या सृष्टींमधील दरवाजाच होय. अलीकडच्या तोंडाशीं देवदारांची ओली, हिरवी सावली. पलीकडे बाहेर पडावें तों करडे, उघडे डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशीं चंद्रा नदीचें पांढुरकें पाणी. हें लाहुल. पावसाळी ढगांना रोहतांगची भिंत सहसा ओलांडवत नाहीं, म्हणून येथील आकाश कोरडें आणि ऊन कडक. पण त्या उन्हांतून एखाद्या डोंगराच्या सावलींत शिरलें कीं अंगावर कोणी गार पाण्याचा तांब्या ओतावा तसें होतें.

टांडी गांवाशीं चंद्रेस भागा येऊन मिळते आणि तेथून पुढें ती नदी चंद्रभागा हें नांव घेते. हीच पुढें चिनाब होय. आमच्या पंढरपुरास भीमेला चंद्रभागा म्हणतात तें तिच्या चंद्रकोरीसारख्या वळणावरून. येथें मात्र चंद्रा आणि भागा अशा दोन खऱ्याखुऱ्या नद्या आहेत. नांव कानीं पडतांच आम्हां दोघांचेही हात आपोआप जोडले गेले. हातमोजे काढून पाण्यांत बोटें बुडविलीं तीं मात्र तत्काळ परत घ्यावीं लागलीं. “काका, ही चंद्रभागा वारकऱ्यांस परवडावयाची नाहीं,” असें पुतण्या म्हणाला.

केलंगच्या बाजारांत बायका लोकरीचे मोजे आणि हातमोजे विकावयास बसल्या होत्या. लाहुलच्या या विणकामास भौगोलिक मानांकन मिळालेलें आहे, आणि त्यांतील रंगीत नक्षी पाहिली म्हणजे तें उगाच मिळालेलें नाहीं हें पटतें. पुतण्यानें वहिनींनीं विणलेले मोजे काढून एका म्हाताऱ्या बाईस दाखविले. तिनें ते उलटसुलट करून पाहिले, वीण ओढून पाहिली आणि पसंतीची मान हालविली. मग त्याच्या कातडी हातमोज्यांकडे बोट दाखवून ती तिच्या भाषेंत कांहींतरी बोलली आणि हंसली. आम्हांस तें कळलें नाहीं. दुसऱ्या कोणास विचारून घेतलें असतें तर पुढचा प्रसंग टळला असता.

भागेच्या कांठीं, सुमारें ३,२०० मीटरांवर जिस्पा नांवाचें गांव आहे, तेथें आम्ही विरळ हवेची संवय व्हावी म्हणून दोन रात्री राहिलों. या दोन दिवसांत करण्यासारखें कांहीं नव्हतें. त्यामुळें थंडीविषयीं बरेंच बोलणें झालें. पुतण्याचें म्हणणें असें कीं थंडी ही तापमापकांत असते. माझें म्हणणें, ती वाऱ्यांत असते. माझ्या बाजूनें दोन अमेरिकन संशोधक उभे होते. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल यांनीं दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशांत पाण्यानें भरलेली एक लहानशी नळी वाऱ्यांत टांगून तें पाणी गोठावयास किती वेळ लागतो हें मोजलें आणि १९४५ मध्यें आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. वारा कातडीलगतची ऊन हवा सारखी पळवून नेतो, म्हणून तीच थंडी अधिक बोंचते. किती अधिक, याचा हिशेब त्यांच्या प्रयोगापासून सुरू झाला. आतां जें सुधारलेलें गणित वापरतात त्याप्रमाणें हवा उणे २ अंश असून वारा ताशीं ४० किलोमीटर असला तर उघड्या चेहऱ्यास ती उणे १० अंशांसारखी लागते. मोटारसायकलवर वारा नसला तरी आपणच तो निर्माण करतों.

दुसरी गोष्ट शरीराची. थंडी वाढली कीं शरीर एखाद्या काटकसरी कुटुंबप्रमुखाप्रमाणें वागतें. हृदय, फुप्फुसें, मेंदू यांची बेगमी आधीं. हातापायांच्या बोटांचा शिधा प्रथम कमी होतो. बोटांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि त्यांतून जाणारें ऊन रक्त आटतें. सर थॉमस लुईस या ब्रिटिश वैद्यानें १९३० मध्यें असें दाखविलें कीं अति थंडींत धरलेल्या बोटांत मधूनमधून रक्त पुन्हां धांवून येतें आणि पुन्हां आटतें. परंतु ही कृपा सर्वांवर सारखी होत नाहीं, आणि अंग मुळांतच गारठलेलें असेल तर ती फारशी होतही नाहीं. शिवाय बोटें हालविणारे मुख्य स्नायु बोटांत नसून कोपराखालच्या हातांत असतात. म्हणजे बोटांस ऊब द्यावयाची तर ती नुसती बोटांस देऊन भागत नाहीं. हें सर्व मीं पुतण्यास मोठ्या ऐटीनें सांगितलें. त्यानें ऐकून घेतलें. पण त्यांतील एकाही वाक्याचा माझ्या वागण्यावर परिणाम झाला नाहीं, हें पुढें दिसेल.

तिसऱ्या दिवशीं आम्ही उजाडतांच निघालों. बारालाचाची खिंड सुमारें ४,८५० मीटर उंच आहे, आणि तिच्या अलीकडे बर्फाचें पाणी रस्त्यावरून वाहतें. दुपारीं ऊन तापलें कीं हे नाले फुगतात, म्हणून शहाणे प्रवासी ते सकाळींच ओलांडतात. या शहाणपणाचा तोटा असा कीं रात्रीं गोठलेलें पाणी सकाळीं वितळलेलें नसतें.

दारचा मागें पडलें, पात्सेवचें मैदान गेलें, झिंगझिंगबार आलें. मीं कळ पहिल्या टप्प्यावरून तिसऱ्यावर नेली. मुठींतून मंद ऊब तळहातांत उतरत होती. दिवाळीच्या पहांटे बंबाशेजारीं उभें राहिल्यासारखें वाटत होतें. डावीकडे पर्वताच्या माथ्यावर पहिलें ऊन आलें होतें. माझ्या गाडीवरील तापमापक उणे २ दाखवीत होता आणि मी त्या आंकड्याकडे एखाद्या गमतीच्या वस्तूकडे पाहावें तसा पाहात होतों. पुतण्या माझ्यापुढें पन्नासएक पावलांवर होता. गेल्या अर्ध्या तासांत त्यानें एकदांही मागें वळून पाहिलें नव्हतें, आणि मींही त्यास थांबवून विचारलें नव्हतें. ज्याचे हात ऊबदार असतात त्यास दुसऱ्याच्या हातांची आठवण होत नाहीं.

सूरजतालच्या अलीकडे एका वळणावर रस्ता कांचेसारखा चकाकत होता. पुतण्यानें तें पाहिलें. मागून त्याचा दिवा लागलेला मला दिसला. तेथें करावयास हवें होतें तें एवढेंच कीं गाडी हळुवार मंदावून, पुढच्या ब्रेकास बोट न लावतां, सरळ जाऊं द्यावयाची. परंतु त्याच्या उजव्या हातानें ब्रेकचा दांडा एकदम आवळला. पुढचें चाक बाजूस सरकलें आणि गाडी त्याच्यासह आडवी होऊन सहासात हात घसरत गेली. थांबली तेथून दरीची कड चार हातांवर होती.

मी कसा उतरलों, कसा धांवलों, हें मला आठवत नाहीं. तो उठून बसला होता. गुडघा खरचटला होता, क्लचचा दांडा वांकला होता; अधिक कांहीं नाहीं. “लागलें का रे?” म्हणून मीं विचारलें, तर तो आपल्या हातांकडे पाहात म्हणाला, “काका, बोटें माझीं नाहींतच. झिंगझिंगबारपासून नाहींत. मीं ब्रेकास नुसतें बोट टेकवलें असें मला वाटलें.”

“मग सांगितलें कां नाहींस?”

तो कांहीं बोलला नाहीं. शेगडीवरून हसलेल्या मुलानें बोटें गारठलीं हें कोणत्या तोंडानें सांगावें? आणि विचारावयाचें काम तर माझें होतें.

बधिर हातास जोर असतो, पण मोजमाप नसतें. तळहाताची कातडी पंधरा अंशांच्या खालीं उतरली कीं बोटांचें कौशल्य झपाट्यानें कमी होऊं लागतें, आणि आणखी गारठल्यावर स्पर्शही जातो. ब्रेकचा दांडा किती दाबला गेला, हें सांगणारा निरोप्याच मग उरत नाहीं. मोटारसायकलचा पुढचा ब्रेक तर असा कीं त्याच्यावरच गाडी थांबण्याची मुख्य मदार, आणि निसरड्या जागीं तोच उलटणारा.

त्याचे हातमोजे काढले तेव्हां केलंगची म्हातारी कशास हंसली होती तें कळलें. वहिनींचे जाड लोकरी मोजे आंत घालून त्यावर त्यानें आपले नेहमींचे घट्ट कातडी मोजे ओढले होते. लोकरीची ऊब ही लोकरीची नसते, तिच्या विणींत अडकलेल्या स्तब्ध हवेची असते. घट्ट मोज्यानें ती हवा दाबून बाहेर काढली आणि बोटांतला उरलासुरला रक्तप्रवाहही आवळून टाकला. वहिनींच्या दहा रात्रींच्या श्रमांचें आम्हीं असें मातेरें केलें होतें.

तो इंजिनाच्या धुराड्यास हात लावावयास निघाला, त्यास मीं अडविलें. बधिर कातडीस भाजलेलें कळत नाहीं. तशीच चोळाचोळही वाईट. कोट उघडून त्याचे दोन्ही हात मीं त्याच्याच कांखेंत घालावयास लाविले आणि त्यास पाठीशीं घेऊन वाऱ्याकडे पाठ करून बसलों. दहाबारा मिनिटांनीं रक्त परतूं लागलें. रक्त जातांना दुखत नाहीं, येतांना दुखतें. त्या दुखण्यानें त्याच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलें आणि तें त्यानें लपविलें नाहीं.

“आतां गाडी बदलूं,” मी म्हणालों.

“नको काका, तुम्ही—”

“बदलूं.”

अशा रीतीनें बारालाचाची खिंड मीं त्याच्या गाडीवरून, थंड मुठी धरून ओलांडली. सूरजतालचें निळें पाणी बाजूस होतें. भागेचा उगम तो हाच. चंद्राही याच खिंडीच्या दुसऱ्या अंगाकडून निघते, आणि दोघी निरनिराळ्या दिशांनीं भटकून टांडीस भेटतात. एरव्हीं मी येथें तासभर थांबलों असतों. त्या दिवशीं मला तें तळें जेमतेम दिसलें. माझें सारें लक्ष उजव्या हाताच्या दोन बोटांवर होतें. डावा हात मधूनमधून खालीं नेऊन इंजिनाच्या कुशीला धरतां येतो. उजव्या हातास ती मुभा नाहीं, कारण वेग देणारी मूठ त्यानें सोडली कीं गाडी मंदावते. पाच किलोमीटरांत करंगळी गेली, मग शेजारचें बोट. जिस्पास सांगितलेलें एकेक वाक्य आतां मला कळत होतें.

खिंडीपलीकडे भरतपूर नांवाची तंबूंची वस्ती आहे. तेथील तंबूवाल्या बाईनें आम्हांस चुलीजवळ बसविलें, खारट चहा दिला, आणि आमची हकीगत ऐकून उठली ती भांडीं घांसावयाचे मोठे रबरी हातमोजे घेऊन आली. “पहले हवा रोको, फिर ऊन काम करेगी,” ती म्हणाली. कातडी मोजे पिशवींत गेले. आंत वहिनींचे लोकरी मोजे आणि वर ते सैल, नारिंगी रबरी मोजे, अशा थाटांत मी सरचूपर्यंत आलों. दिसावयास मी आचाऱ्यासारखा दिसत असेन. पण बोटें माझीं होतीं. रबरांत घाम साचतो आणि थांबल्यावर तो गार पडतो, एवढाच त्यांत दोष. म्हणून दर थांब्यास आंतले मोजे कोटाखालीं वाळवावे लागले.

तापत्या मुठींविषयीं कोणास वाटेल कीं त्या असल्या म्हणजे झालें. तसें नाहीं. बारीक तारेंतून वीज वाहिली कीं तार तापते. जूल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४१ मध्यें प्रसिद्ध केलेला नियम तो हाच, आणि घरांतील विजेची इस्त्री चालते ती त्यावरच. पहिल्या महायुद्धांत उघड्या विमानांतून उडणाऱ्या वैमानिकांसही विजेनें तापणारे हातमोजे देण्यांत आले होते. परंतु मूठ तापते ती तळहातास. वारा लागतो तो हाताच्या पाठीस आणि बोटांच्या टोकांस. म्हणून मुठींपुढें वारा अडविणारी ढाल किंवा हॅन्डलावर चढविलेली बाहीसारखी पिशवी असली तरच ती ऊब टिकते. तळहाताकडचा मोजा पातळ हवा. जाड असला तर ऊब बाहेरच राहते. डावी मूठ उजवीपेक्षां नेहमीं थंड लागते. उजवीखालीं वेगाची प्लॅस्टिकची नळी असते; डावी मात्र थेट लोखंडी दांड्यावर बसते आणि तो दांडा ऊब पिऊन टाकतो. जाणता मिस्त्री दांड्यास आधीं उष्णतारोधक वेष्टण घालतो. आमच्यानें तें घातलें नव्हतें. उजव्या मुठीची तार मात्र त्यानें सैल ठेवली होती, नाहींतर मूठ पिळतां पिळतां ती तुटते. दोन्ही मुठी पूर्ण तापल्या म्हणजे तीन ते चार अँपिअर वीज खातात, आणि लहान गाडीच्या बॅटरीस हें ओझें कमी नव्हे. इंजिन बंद करून त्या चालूं ठेवल्या तर गाडी पुन्हां सुरू होण्याची खात्री नाहीं.

पुढचा प्रवास आम्हीं गाड्या आलटूनपालटून केला. वीस किलोमीटर त्याचे, वीस माझे. गाटाचीं एकवीस वळणें, लाचुंगची खिंड, पांगनंतरचें मोरेचें अफाट मैदान, आणि ५,३०० मीटरांहून उंच असलेला तांगलांग ला, जेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या निम्म्यावर आलेला असतो आणि गाडी आपल्यासारखीच धापा टाकते. प्रत्येक वेळीं गाडी बदलतांना एकमेकांचीं बोटें दाबून पाहावयाचीं, आणि दाबलेलें कळलें तरच निघावयाचें, असा नियम त्यानेंच घातला. उपशीस सिंधु भेटली, तेव्हां दुपारचें ऊन होतें आणि आम्हीं दोघांनींही मोजे काढले होते.

घरीं परतल्यावर वहिनींस कडेची हकीगत सांगावी कीं नाहीं, हा मला प्रश्न पडला होता. पुतण्यानें तो सोडविला. जेवतांना, पानावरून मान वर न करतां त्यानें सर्व सांगितलें, आपले घट्ट मोजे, आपलें न सांगणें, सर्व. माझें न विचारणें त्यानें वगळलें; तें मीं सांगितलें. वहिनी बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं दादांनीं मिस्त्रीस बोलावून घेतलें, आणि त्याच्या गाडीस मुठी बसल्या, डावीखालीं वेष्टण घालून.

पौषांतील एका सकाळीं त्यानें त्या अंगणांत लावून दाखविल्या. वहिनींनीं हात लावून पाहिला, मग मुलांनीं. शेवटीं आई काठी टेकत आली. तिनें दोन्ही मुठींवर आपले सुरकुतलेले हात ठेवले आणि डोळे मिटले. पांच मिनिटें झालीं, दहा झालीं, ती हात काढीना.

“आजी, बॅटरी उतरेल,” पुतण्या म्हणाला.

“उतरूं दे,” आई म्हणाली, “आणि हें माझ्या जपाच्या पाटाशेजारीं बसवतां येईल का, तें तेवढें विचार त्या मिस्त्रीला.”